चामखिळीचा कैवारी

अख्ख्या उत्तर अमेरिका खंडात चामखिळीवर माझ्या साडूइतकं प्रेम करणारा दुसरा माणूस सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. लोक नाकीडोळी नीटस माणूस बघून खूश होतात. याला समोरच्याच्या गालावर मेथीच्या दाण्याएवढी चामखीळ दिसली, की याचा चेहरा उजळतो. वाकडं नाक, लोंबती हनुवटी, कपाळावरच्या आठ्या, कानातून डोकावणारे केस, पडलेल्या दाताची फट ही सगळी याच्या लेखी आभूषणं. कॅनडातल्या आमच्या केंब्रिजच्या ग्रोसरीत रांगेत उभं असताना पुढच्या गोऱ्या म्हाताऱ्याच्या मानेवरच्या घड्या हा इतक्या भक्तिभावाने न्याहाळतो, की त्याने वळून "कॅन आय हेल्प यू?" असं विचारल्याचे प्रसंग मी स्वतः दोनदा पाहिले आहेत. दोन्ही वेळा साडूने प्रसन्न हसून "नो नो सर, यू आर व्हेरी रोमन" असं उत्तर दिलं. दोन्ही वेळा मी लगबगीने दही बघायला गेलो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. नातं तसं चमत्कारिकच. भाऊ आपल्याला निवडता येत नाही हे खरं, पण साडू तर आपल्या नकळत दुसऱ्याच कुणीतरी पसंत करून ठेवलेला असतो. एकाच सासऱ्यांपुढे, एकाच सोफ्यावर, काही वर्षांच्या अंतराने घाबरत घाबरत पोहे खाल्ले, एवढ्या भांडवलावर जन्मभर एकमेकांना "साडूभाऊ" म्हणायचं. तो नागपूरचा, मी पुण्याचा. तो केंब्रिजच्या गाड्यांच्या कारखान्यात, मी वॉटर्लूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. तो मोठ्याने बोलतो, मी मनातल्या मनात. तरी विसाएक मिनिटांच्या ड्राइव्हवर घरं असल्यामुळे शनिवार-रविवारी आमचं साडूपण चांगलं तापतं.

आता गंमत अशी की कारखान्यात याचं काम नेमकं उलट. हा तिथे क्वालिटी इन्स्पेक्टर. रंग लावून झालेली गाडी पट्ट्यावरून हळूहळू पुढे येते, दोन्ही बाजूंना ट्यूबलाइटच्या रांगा, आणि हा पातळ सुती हातमोजे घालून दारावरून, बॉनेटवरून तळवा फिरवतो. डोळ्याला न दिसणारा पोचा हाताला कळतो. केसाएवढा उंचवटा, धुळीचा कण, रंगाचा ओघळ, काहीही लागलं की लगेच खूण करायची, आणि जे जागच्या जागी घासून जाण्यासारखं असेल ते घासून टाकायचं. वीस वर्षं हा माणूस दिवसाचे आठ तास जगातले उंचवटे नाहीसे करत आला आहे. घरी येऊन मात्र उंचवट्यांची पूजा. मेव्हणी म्हणते, "दिवसभर जे पाप करतो, त्याचं प्रायश्चित्त संध्याकाळी आमच्या डोक्यावर."

हे वेड लागलं ते कोविडच्या काळात. कारखाना बंद, माणूस घरात, आणि गावच्या लायब्ररीने काढून टाकलेल्या पुस्तकांच्या खोक्यातून याने एक पाटासारखं जाड पुस्तक उचलून आणलं. कॉम्प्युटरच्या स्क्रीनखाली ठेवायला म्हणून आणलं होतं. निघालं रोमन शिल्पांवरचं. स्क्रीन पुन्हा खाली आली आणि पुस्तक डोक्यावर चढलं ते कायमचं. पहिले काही महिने फोनवर फक्त एकच प्रवचन. "साडूभाऊ, ऐकून घ्या. ग्रीकांनी देव घडवले. पहिलवान घडवले. सगळे पंचविशीतले, सगळे जिमवाले, एकाच्याही पोटावर वळी नाही. मग आले रोमन. त्यांनी ग्रीस जिंकला नं, आणि पुतळे पाहूनच ते हरले. जहाजं भरभरून पुतळे रोमला नेले, पुरले नाही तर कॉप्या केल्या. सगळे त्यांना कॉपीमास्टर म्हणतात. पण ह्याच रोमनांनी आपल्या घरच्या म्हाताऱ्याचा पुतळा केला, तेव्हा काय केलं? सुरकुती न् सुरकुती ठेवली! टक्कल ठेवलं! चामखीळ ठेवली! देव पाहिजे तर ग्रीकांकडून घेऊ, म्हणे, पण आमचा बाप आमच्यासारखाच दिसला पाहिजे. ह्याला म्हणतात ओरिजिनल!"

मग काय, जगाची वाटणी झाली. माणसं दोनच जातींची, ग्रीक आणि रोमन. महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांचा फेसबुकवरचा फोटो ग्रीक, प्रत्यक्षातले अध्यक्ष रोमन. माझा ऑफिसच्या वेबसाइटवरचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा आहे, हे याने चारचौघांत उघड केलं, वर धीरही दिला, "वाईट वाटून घेऊ नका साडूभाऊ. रोमचा पहिला सम्राटसुद्धा म्हातारा होऊन मेला, पण पुतळ्यात शेवटपर्यंत पोरगाच राहिला. तुमचं खानदान मोठं आहे." ब्रॅम्प्टनच्या एका हॉलमध्ये लग्नाला गेलो, तर दाराशी फायबरची एक पांढरीशुभ्र देवी उभी. लोक तिच्याशेजारी फोटो काढत होते आणि हा गुडघ्यावर बसून तिच्या पायामागे डोकावत होता. मुलीकडचे एक काका काळजीने विचारायला आले, काही पडलंय का? "टेकू बघून राहिलो," हा म्हणाला. मूळ ग्रीक पुतळे काशाचे, आतून पोकळ; ते आपल्या पायांवर उभे राहत. रोमनांनी नक्कल केली संगमरवरात, तो जड, पायाच्या घोट्याशी मोडायचा. म्हणून ते पायाला लागून झाडाचा एक बुंधा कोरत. ज्याच्या पायाशी बुंधा, ती कॉपी. एवढं सगळं त्याने काकांना उभ्या उभ्या ऐकवलं आणि शेवटी बिचाऱ्या काकांनीच टेकायला खुर्ची शोधली.

टोरांटोच्या म्युझियममध्ये तर याने कहर केला. रोमन दालनात एका म्हाताऱ्याचं संगमरवरी डोकं आहे. नाकाचा शेंडा उडालेला, गाल खप्पड, तोंड असं, की नुकताच कुणाशी तरी भांडून आलाय. साडू त्याच्यासमोर उभा राहिला आणि खिशातून टॉर्च काढून त्याने अगदी खालून, तिरका झोत टाकला. कारखान्यात पोचे शोधायची ही रीत. समोरून उजेड टाकला तर सगळं सपाट दिसतं; आडवा टाकला, की बारीक उंचवट्याचीही सावली पडते. आणि खरंच सांगतो, त्या आडव्या उजेडात तो म्हातारा जिवंत झाला. ओठाच्या कोपऱ्यातली सुरकुती, डोळ्यांखालच्या पिशव्या, कपाळावरची शीर, सगळं उठून आलं. एवढ्यात गार्ड धावत आला. "सर, नो फ्लॅश प्लीज!" साडू शांतपणे म्हणाला, "धिस इज नॉट फ्लॅश. धिस इज इन्स्पेक्शन." बाहेर काढणार म्हणून मी जॅकेटची चेन लावून घेतली. पण पाच मिनिटांनी बघतो तो गार्ड आणि साडू दोघंही वाकून त्या म्हाताऱ्याच्या हनुवटीखाली बघतायत, आणि गार्ड म्हणतोय, माझे आजोबा हुबेहूब असे दिसायचे. परतीच्या वाटेवर साडू अभिमानाने म्हणाला, "पाहिलं? ग्रीक पुतळा पाहून कोणाला आपला आजोबा आठवते काय?"

मी या सगळ्याला हसत आलो. घरी येऊन नकलाही करत आलो. पण मागल्याच्या मागल्या दिवाळीनंतर आमचे सासरे गेले, आणि साडूच्या वेडाला एकदम काम लागलं.

सासऱ्यांना लहानथोर सगळेच आबा म्हणत. नागपूरला शाळेत गणिताचे मास्तर होते. उजव्या नाकपुडीशेजारी एक टपोरी चामखीळ, डाव्या भुवईला मधोमध चिरणारा एक जुना व्रण. स्कूटरवरून पडलो होतो, असं ते सांगत. दरवेळी स्कूटर कुठे घसरली ती जागा बदलत असे. आबा आणि आमच्या सासूबाई यांचा अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार म्हणजे एक न संपणारा वाद. त्याची सुरुवात कायम सासूबाईंच्या "अहो" ने व्हायची. "अहो, चष्मा कपाळावर आहे." "अहो, दूध उतू चाललं, पेपर खाली ठेवा." दिवसाला शंभर तरी. आबा गेले आणि तो शब्दच घरातून गेला. मुलींनी वसंतात आईला कॅनडाला आणलं. सासूबाई साडूकडे राहू लागल्या. सगळं करायच्या, पोळ्या लाटायच्या, नातीचे कपडे घडी करून ठेवायच्या, पण बोलणं होय-नाहीपुरतं. आणि दर चार दिवसांनी एकच वाक्य: "वर्षश्राद्ध झालं की मला नागपूरला धाडून द्या." तिथे कोण होतं? कुलूपबंद घर, अंगणातला पपईचा बुंधा आणि वयाची पंच्याहत्तरी. दोघी बहिणी फोनवर रडायच्या. आईला एकटीला तिकडे पाठवायचं कसं आणि इथे अशी गप्प गप्प ठेवायची तरी कशी, हा घोर दोन्ही घरांना लागला होता.

त्यातच तो फोटो आला. मुलींनी हौसेने नागपूरच्या एका स्टुडिओला आबांचा फोटो मोठा करायला दिला होता. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. माणूस गेला, की स्टुडिओवाला त्याला सुधारतो. आबांची चामखीळ गेली. भुवईचा व्रण भरून आला. केस काळेभोर झाले, दात एका ओळीत आले, आणि ज्या माणसाने जन्मात बुशशर्टाशिवाय काही घातलं नाही, त्याच्या गळ्याखाली निळा कोट आणि लाल टाय आला. मागे धबधबा. नागपूरहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून तो फोटो केंब्रिजला पोचला. बबल रॅप सोडला आणि सगळे पुढे वाकले. साडूची कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "मॉम, दॅट्स नॉट आबा. ही लुक्स लाइक सम बँक मॅनेजर."

सासूबाईंनी फोटो जवळ घेऊन बघितला. मग म्हणाल्या, "छान आहे." त्या रोज फोटोला फूल वाहायच्या, पण त्याला "आबा" म्हणायच्या नाहीत, की नवऱ्याला म्हणतात तसं "हे" म्हणायच्या नाहीत. "साहेबांना फूल वाहिलं," एवढंच सांगायच्या.

साडू पेटला. "हा ग्रीक आहे!" दिवाणखान्यात उभा राहून त्याने जाहीर केलं. "आपल्या म्हाताऱ्याला ह्यांनी ग्रीक करून टाकला! रोमनांच्या घरात काय असे, माहीत आहे? वाडवडलांचे मेणाचे चेहरे. जसेच्या तसे. कपाटात ठेवत. घरात कोणी गेलं की ते चेहरे लावून माणसं अंत्ययात्रेत चालत, म्हणजे आजोबा, पणजोबा सगळे पोचवायला हजर. ह्या फोटोतला साहेब कोणाला पोचवायला येईन? ह्याला तर घराचा पत्ता माहीत नाही!"

मेव्हणी काही कमी नाही. इतकी वर्षं प्रवचनं ऐकून तीही तयार झाली होती. ती म्हणाली, "तूच सांगितलं होतंस नं, की रोमन लोक पुतळ्याची धडं आधीच करून ठेवत म्हणून? अंगाभोवती टोग्याचं उपरणं गुंडाळलेली रेडिमेड बॉडी, गिऱ्हाईक आलं की त्याचं मुंडकं वर बसवायचं? मग स्टुडिओवाल्याकडे कोटाची बॉडी तयारच असते, त्याने आबांचं मुंडकं बसवलं. झाला की नाही हा पण रोमन?"

साडूचं तोंड उघडं राहिलं. याआधी त्याला असा निरुत्तर मी पाहिला नव्हता आणि मला त्या क्षणी किती आनंद झाला हे मी लपवणार नाही. शेवटी तो म्हणाला, "पण मुंडकं तरी त्यांचं पाहिजे होतं नं."

दुसऱ्या शनिवारी त्याने आर्ट सप्लायच्या दुकानातून मातीच्या चार गोण्या आणल्या आणि बेसमेंटमध्ये, वॉशर-ड्रायरच्या शेजारी, बर्फात लावायच्या विंटर टायर्सच्या चळतीवर फळी टाकून आबांचं डोकं करायला घेतलं. वर्षश्राद्धाला दोन महिने होते. मानेचा अंदाज घ्यायला मला स्टुलावर बसवलं जाई. आबांची आणि माझी मान सारखी आहे असा त्याचा शोध. "तुमची मान आतापासूनच आबांच्या लाइनवर गेली," असं तो म्हणाला, ते मी कौतुक म्हणून घेतलं. भिंतीवर आबांचे खरे फोटो चिकटवले होते: आबा पपई काढताना, आबा तोंडात घास असताना, आबा कॅमेऱ्यावर ओरडताना. टॉर्च आडवी लावलेली. शिकवणारं कुणी नव्हतं, पण वीस वर्षं पत्र्यावरून फिरलेला हात होता, आणि तो हात मातीलाही ओळखत होता. तीन-चार आठवड्यांत कवटी बसली, गाल बसले, कान तर इतके आबांचे झाले की मला उगाच गणित विचारलं जाईल अशी भीती वाटू लागली.

आणि तरीही ते आबा नव्हते. काहीतरी अडत होतं. दर रविवारी मी जाऊन बघे, तर चेहरा आदल्या रविवारपेक्षा तरुण. साडू वैतागून म्हणे, "कालच व्रण कोरला होता, बाप्पा! चामखीळ लावली होती! माती खाली बसते का काय?" त्याने माती बदलली, पाणी कमी केलं, ह्युमिडिटी मोजली. चामखीळ टिकेना.

एका रविवारी दुपारी मी स्टुलावर बसलो होतो आणि मला ते दिसलं. साडूने काडीने भुवईतला व्रण छान कोरला, चामखिळीचा बारका गोळा लावला, दोन पावलं मागे सरून बघितलं, माझ्याशी टोरांटोची हॉकी टीम, लीफ्स, हरल्याबद्दल बोलू लागला. आणि बोलता बोलता त्याचा डावा हात आपला आपण पुढे गेला. तळवा मातीच्या कपाळावरून फिरला. भुवईशी क्षणभर थांबला. अंगठ्याने एकदा दाबून, एकदा गोल फिरवून, व्रण बुजवला. मग तो खाली नाकाशी आला, चामखीळ सापडली, तीही सफाईने पुसली. जणू कारखान्यातल्या पट्ट्यावरची गाडी पुढच्या स्टेशनला जायला मोकळी. त्याला यातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तो अजून हॉकीबद्दलच बोलत होता.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "तुमचा अंगठा बघा."

त्याने अंगठा बघितला. त्यावर आबांची चामखीळ चिकटली होती.

मी हसणार होतो. कित्येक वर्षं ज्याची वाट पाहावी असा विनोद समोर घडला होता. सुरकुत्यांचा एवढा मोठा कैवारी आणि त्याचाच अंगठा ग्रीक निघाला! पण साडूचा चेहरा पाहून मला हसू फुटेना. तो पालथ्या घातलेल्या बादलीवर बसला. "वीस वर्षं," तो म्हणाला. "वीस वर्षं हेच करून राहिलो मी. आता हाताला दुसरं येतच नाही." मग अंगठ्यावरची माती खरवडत, माझ्याकडे न बघता, "म्हातारीसाठी करत होतो, साडूभाऊ. तिला वाटलं असतं इथे आपलं कोणी आहे." त्या माणसाला इतक्या हळू आवाजात बोलताना मी प्रथमच ऐकलं, आणि आजवर केलेल्या सगळ्या नकलांची मला लाज वाटली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सासूबाई बेसमेंटमध्ये कधी उतरत नाहीत अशी आमची समजूत होती, कार्पेटचा जिना त्यांना निसरडा वाटे. आज कठड्याला धरून, एकेक पायरी बसवत त्या खाली आल्या. त्यांना तिकिटाचं बोलायचं होतं. "जावईबापू, ते विमानाचं..." असं म्हणता म्हणता त्यांची नजर फळीवर गेली. ओलं फडकं बाजूला पडलेलं, टॉर्चचा आडवा उजेड, आणि त्या उजेडात आबांचं, भुवई भरून आलेलं, गुळगुळीत डोकं.

आम्ही दोघंही पोरासोरांसारखे उठून उभे राहिलो. त्या जवळ गेल्या. नाकावरचा चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाल्या, "कान यांचे आहेत." यांचे! साडूने माझा हात घट्ट धरला. सासूबाईंनी पदर खोचला, पोळ्यांच्या कणकेतून जसा उंडा तोडतात तसा मातीचा बारका गोळा तोडला, दोन बोटांत फिरवला आणि नाकपुडीशेजारी दाबला. "तुम्ही फार वर लावून राहिले होते," त्या म्हणाल्या. म्हणजे आमच्या नकळत त्या आधीच खाली येऊन बघून गेल्या होत्या तर! "खाली होती. जेवताना वरण लागायचं तिला." मग उजव्या हाताचं नख त्यांनी भुवईवर टेकवलं आणि तिथेच थांबल्या.

"स्कूटरचं काही नव्हतं ते," त्या म्हणाल्या. "लग्नाला सहा महिने झाले होते. मी रागात कपाटाचं दार उघडलं धाडकन्, आणि हे मागे उभे. रक्ताची धार लागली. मी घाबरून रडू लागले. तर म्हणाले, रडू नको, मी सांगतो स्कूटरवरून पडलो. अठ्ठेचाळीस वर्षं सगळ्यांना खोटं सांगत राहिले. स्वतःच्या आईला सुद्धा. एकदाही माझं नाव नाही घेतलं." त्यांचं नख अजून भुवईवरच होतं. "ती खूण माझी होती नं. त्या साहेबांच्या भुवईवर मी रोज शोधते. नाही सापडत."

आणि त्यांनी नखाने तो व्रण ओढला. एकाच रेघेत, वरून खाली, जराशी तिरपी. साडूने काडीने पन्नास वेळा काढला होता तो शहाण्यासारखा नीट यायचा. हा ओबडधोबड आला, आणि मातीचा गोळा आबा झाला. सासूबाईंनी हात पदराला पुसले. डोळे पुसले नाहीत. त्या चेहऱ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि वर्षभराने त्यांच्या तोंडून तो शब्द पुन्हा उमटला.

"अहो," त्या म्हणाल्या, "असं सोडून जातं का कोणी?"

मी आणि साडू मागच्या मागे सरकत घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या खोलीत गेलो आणि दार लोटून घेतलं. फर्नेसच्या आडोशाला आम्ही दोन प्रौढ पुरुष एकमेकांकडे पाठ करून बराच वेळ विंटर टायर्सविषयी बोलत होतो. बाहेर मोठं भांडण चाललं होतं. एकतर्फी, पण भांडण.

वर्षश्राद्ध झालं. मंडळातली पन्नास माणसं आली. दिवाणखान्यात धबधब्यासमोर कोटातले साहेब हार घालून बसले होते, आणि सगळे म्हणाले, काय रुबाबदार दिसतात. साडूने मान डोलावली आणि पानं वाढायला घेतली. नंतर भांडी लावताना मला म्हणाला, "असू द्या. रोमनांचं पण तसंच होतं. बाहेर बागेत पाहुण्यांसाठी ग्रीक देव, आत कपाटात आपला बाप. दोन्ही लागतात माणसाला." मेव्हणीने ते ऐकलं आणि पहिल्यांदाच वाद घातला नाही. विमानाचं पुन्हा कुणी काढलं नाही.

थंडी सुरू झाली, फर्नेस धडधडू लागली, आणि कोरड्या हवेने जानेवारीत आबांच्या गालावर कपाळापासून हनुवटीपर्यंत एक भेग पडली. माती भरीव ठेवली होती, भट्टीत घालून भाजली असती तर फुटली असती. साडू आजारी माणसासारखा झाला. दुरुस्त करायला ओली माती घेऊन उभा राहिला, तर सासूबाईंनी त्याचा हात धरला. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी हे असेच झाले होते." तेव्हापासून साडू त्या डोक्यापाशी गेला, की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहतो. अंगठ्याचा त्याला भरवसा नाही.

परवा सकाळी स्नो पडला म्हणून मी त्याच्याकडे शोव्हल करायला मदतीला गेलो. दार उघडंच होतं. साडू स्नो बूट घालून, हातात फावडं घेऊन बेसमेंटच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता. मला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं. खालून आवाज येत होता. "अहो, ऐकलं का, गुडघाभर बर्फ पडून राहिला बाहेर. तुमचे जावई अजून चहाच घेऊन राहिले असतील, पाहा." साडूला बाहेर जायचं होतं, ड्राइव्ह-वे भरला होता, कारखान्याची वेळ झाली होती, पण तो हलेना. दारातून बर्फाचा पांढरा उजेड त्याच्या चेहऱ्यावर आडवा पडला होता. टॉर्चने पडावा तसा. चष्म्याने नाकावर पाडलेला खड्डा, डोळ्यांच्या कोपऱ्यातलं सुरकुत्यांचं जाळं, हनुवटीवरचा दाढी करताना चुकलेला पांढरा केस, सगळं मी त्या उजेडात नीट पाहून घेतलं. इतकी वर्षं या माणसाला मी हसलो होतो, पण त्याचा चेहरा असा पाहिला नव्हता. जिथल्या तिथे सगळं लक्षात ठेवलं. कधी कुणी विचारलं, काय कुठे होतं, तर मला सांगता यायला हवं.